औषधरोधी मायकोबॅक्टेरियांवरील संयुक्त औषधोपचार

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षय, कुष्ठ व क्षयेतर मायकोबॅक्टेरियाजन्य (क्षय व कुष्ठ यांचे जंतू ज्यात मोडतात त्या जीवाणू गटातील इतर जंतूंमुळे होणाऱ्या) रोगांत एकत्र द्यावयाचा पर्यायी औषधांचा संच. आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन या दोहोंना रोध असलेल्या क्षयास बहुऔषधरोधी क्षय म्हणतात.

या उपचारामागील तत्त्व साधारणतः १९५० च्या आगेमागे प्रस्थापित झाले. एकटे स्ट्रेप्टोमायसिन घेणारे रुग्ण आधी सुधारत, पण काही महिन्यांतच जंतू रोधी होत. पॅरा-ॲमिनोसॅलिसिलिक आम्लाची जोड देताच हे प्रमाण पुष्कळ घटले. म्हणूनच निष्फळ ठरत चाललेल्या संचात एकच नवे औषध वाढविणे घातक होय, कारण ते एकटेच दिल्यासारखे ठरते.

बेडाक्विलीन (मान्यता २०१२) हा क्षयावरील आजच्या संचांचा कणा. ते जंतूच्या एटीपी सिंथेज या ऊर्जानिर्मिती करणाऱ्या विकरास रोखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केलेल्या सहा महिन्यांच्या संचात त्याच्यासह प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन असतात. लिनेझोलिडमुळे हातपाय बधिर होतात, रक्तपेशी घटतात. मात्रा १,२०० वरून ६०० मिग्रॅ. वर आणल्याने हा त्रास कमी झाला.

क्लोफॅझिमीन १९५० च्या दशकात डब्लिन येथे क्षयासाठीच तयार झाले, रुजले मात्र कुष्ठरोगात, आणि आता ते पुन्हा क्षयाकडे वळले आहे. तथापि बेडाक्विलीनला ते स्वतंत्र पर्याय नव्हे. जंतूच्या आरव्ही०६७८ या जनुकात बिघाड झाल्यास त्याच्या नियंत्रणाखालील उत्सर्जन पंप मोकाट सुटतो आणि दोन्ही औषधे पेशीबाहेर टाकली जातात. हा बिघाड मुळात कशामुळे निवडला जातो, याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक क्लोफॅझिमीनच्या पूर्ववापराकडे, तर काही कवकनाशक ॲझोल औषधांकडे बोट दाखवितात. परंतु बेडाक्विलीन वा क्लोफॅझिमीन यांपैकी एकही औषध न घेतलेल्या रुग्णांतही असे जंतू आढळले असून त्यांतील काही वंश बेडाक्विलीनच्या वापरापूर्वीचे दिसतात. त्यामुळे सर्वच प्रकरणांचा दोष औषधांवर टाकता येत नाही, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

रिफॅम्पिसिनरोधी कुष्ठरोगात क्लोफॅझिमीनसोबत ओफ्लॉक्सासिन, मिनोसायक्लीन वा क्लॅरिथ्रोमायसिन यांपैकी दोन औषधे देतात.

क्षयेतर गटात मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस सर्वांत चिवट. त्याच्या अनेक वाणांत इआरएम-४१ हे रोध निर्माण करणारे जनुक क्लॅरिथ्रोमायसिनच्या संपर्कानंतरच जागे होते. चाचणीत तिसऱ्या दिवशी संवेदनशील दिसणारा जंतू चौदाव्या दिवशी रोधी ठरतो. त्यामुळे क्लॅरिथ्रोमायसिन उपयोगी पडेल की नाही हे चौदाव्या दिवसाच्या निष्कर्षावरूनच ठरवितात; उपचारात अमिकासिन, इमिपेनेम इत्यादींची सांगड घालतात.