ताडपत्रीखाली वाढणारा गंज

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत गच्च्यांवर निळ्या ताडपत्र्या चढतात. वांद्रे-वरळीच्या टेरेस फ्लॅटमध्ये जकुझी (गरम, बुडबुडत्या पाण्याचा टब) असेल, तर तिच्या पंप-हीटरलाही सुतळीने ताडपत्री घट्ट आवळली जाते. पाणी लागलं नाही की झालं, असा समज. पण वायरिंगची पेटी नीट बंद असेल, तर नुसता पाऊस या यंत्रांचं फारसं वाकडं करत नाही. नुकसान करतं ते मीठ, आणि ताडपत्री ते मीठ जपून ठेवते.

इंटरनेटवर मिळणारे गुंडाळण्याचे सल्ले बहुतेक बर्फाळ देशांतले असतात. तिथे नळ्यांत अडकलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पंप फोडतं. सांताक्रूझला नोंदलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, तेही १९६२ सालचं. ती भीती आपल्याला नाही.

आपल्याकडे लाटा फुटल्या की खारे तुषार वाऱ्यावर चढतात आणि पंपावर येऊन बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्री क्षारांतलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच पाझरू लागतं. म्हणजे थेंबभर पाऊस न पडताही ताडपत्रीखालचा धातू खाऱ्या पाण्यात भिजलेला असतो.

'पण आमचं सगळं स्टेनलेस आहे!' स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा, गंज रोखणारा थर बनतो. ओरखडा पडला तर हा थर आपोआप भरून येतो. मिठातलं क्लोराइड मात्र त्यातली कमकुवत जागा हेरून आत शिरतं. तिथे धातू विरघळून धन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तयार होतात. त्यांचा तोल साधायला बाहेरचे ऋण क्लोराइड आयन आत खेचले जातात. धातूचे आयन पाण्याशी अभिक्रिया करतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि आम्लात तो थर पुन्हा धरत नाही. मग आणखी धातू विरघळतो, आणखी क्लोराइड आत येतं. खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो! वरून दिसतो तो क्लॅम्पवरचा टाचणीच्या डोक्याएवढा तांबूस ठिपका. तो फडक्याने पुसला जातो, खालचं भोक तसंच राहतं. ३१६ जातीच्या पोलादात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ते जास्त तग धरतं. स्वस्तातलं ३०४ लवकर हार मानतं.

उघड्या भागावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. म्हणूनच किनाऱ्यावरच्या इमारतींत सज्जाखालचा, पाऊस न लागणारा धातू आधी गंजतो.

पंप कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा हे वास्तुशास्त्राला विचारू नका, वाऱ्याला विचारा. पावसाळ्यात तो पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा भिंतीच्या आडोशाची बाजू धरा. वर पत्र्याचं छप्पर घाला, बाजू मोकळ्या ठेवा. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून पंपाचं बाहेरचं आवरण आणि क्लॅम्प नळाच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसा, मग कोरडे करा. लोखंडी काथ्याने घासू नका, त्याचे कण अडकून तिथेच गंज धरतो. क्लोरीनचा डबा पंपाच्या कपाटात ठेवू नका, त्याच्या वाफांनीही धातू खराब होतो. हीटर बदलायची वेळ आलीच तर टायटॅनियमच्या नळीचा मागा. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल, तर तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नका.