कंपोस्ट वेगळं, गांडूळखत वेगळं (बिनमध्ये गांडुळं सोडायच्या आधी हे वाचा)

पावसाळा लागला की दरवर्षी हेच होतं. कोणाचं तरी पोर सोसायटीच्या ओल्या फरशीवर आलेली चार-पाच गांडुळं काडीने उचलतं, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणतं, आणि घरातलं मोठं माणूस कौतुकाने म्हणतं, सोड आपल्या कंपोस्टच्या बिनमध्ये, मस्त गांडूळखत होईल. पोर झाकण उघडतं, गांडुळं सोडतं, टाटा करतं. दुसऱ्या दिवशी बघतं तर दोन झाकणाला आतून चिकटलेली, बाकीची मेलेली.

आमच्याकडेही हेच झालं. लेक पहिलीत होती, शाळेचा पर्यावरणाचा प्रोजेक्ट होता आणि सोड बिनमध्ये असं मीच सांगितलं होतं. चार दिवसांनी तिने विचारलं, "आई, मी मारलं का गं त्यांना?" त्यानंतर दोन वर्षं ती त्या बिनकडे फिरकली नाही. मुलांना निसर्गाची गोडी लागावी म्हणून आपण हे सगळं करतो आणि एका चुकीच्या समजुतीमुळे नेमकं उलटं होतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. "गांडूळखत म्हणजे कंपोस्टच की, फक्त गांडुळं घालून केलेलं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, शिकल्यासवरल्या लोकांकडूनही, की आता राहवत नाही.

कंपोस्ट बहुतेकांना माहितीये, त्यामुळे पटकन. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, वर तेवढाच सुका माल म्हणजे वाळलेली पानं, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), मधे थोडं शेण किंवा आंबट ताक किंवा विकतचं कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण), आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं, दोन-तीन महिन्यांत काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत तयार. वास मारला तर सुकं कमी पडलंय, अळ्या झाल्या तरी सुकंच कमी पडलंय. झालं.

आता जिथे सगळे अडखळतात ते.

कंपोस्टमध्ये काम करतात ते जिवाणू आणि बुरशी. डोळ्यांना न दिसणारे, कोट्यवधी, आणि ते खाताना ऊष्णता सोडतात. ही ऊष्णता कंपोस्टचा साइड इफेक्ट नाही, काम चालू असल्याची खूण आहे. मोठ्या ढिगात, नगरपालिकेच्या किंवा शेतावरच्या, आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातं, सकाळी ढीग फोडला तर वाफा निघताना दिसतात. आपल्या बाल्कनीतल्या २०-२५ लिटरच्या बिनमध्ये एवढं तापत नाही कारण ढीग लहान, ऊष्णता बाहेर निघून जाते, पण एखाद्या दिवशी उरलेला भात, मळून राहिलेली कणीक आणि मेथीच्या दोन जुड्यांच्या काड्या एकदम पडल्या की मधला भाग सहज चाळिशीच्या घरात जातो.

आणि खताच्या गांडुळाला काय लागतं? १५ ते २५ अंश. तिशीच्या पुढे ते कासावीस व्हायला लागतं आणि पस्तिशीच्या वर मरतं. म्हणजे ज्या दिवशी तुमचं कंपोस्ट सगळ्यात छान चाललेलं असतं, तोच दिवस गांडुळासाठी सगळ्यात वाईट. ही दोन कामं एकाच डब्यात एकाच वेळी होऊ शकत नाहीत, कारण एकाला तापायचंय आणि दुसऱ्याला गारवा पाहिजे. एवढी एक गोष्ट कळली की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

यावर लोक म्हणतात, आमच्या गावच्या उकिरड्यात तर ढीगभर गांडुळं असतात, ती कशी जगतात? जगतात, कारण उकिरडा जमिनीवर असतो. मधे तापलं की गांडुळं कडेला जातात, खाली मातीत जातात, ढीग गार झाला की परत वर येतात. प्लॅस्टिकच्या बिनला तळ असतो, भिंती असतात, पळायला जागाच नसते. झाकणाला चिकटलेली ती दोन गांडुळं पळायचाच प्रयत्न करत होती.

शेतकऱ्यांना हे पक्कं माहिती असतं. गांडूळखताच्या बेडवर ते ताजं शेण टाकत नाहीत, कारण ताजं शेणही तापतं. आधी काही दिवस पाणी मारून, पसरून ते थंड करतात, मगच बेड भरतात, तोही शेडखाली, वर ओली गोणपाटं टाकून. आणि आपण शहरातली माणसं त्याच गांडुळांच्या अंगावर सकाळच्या पोळ्यांची कणीक टाकतो आणि वर आंबट ताक शिंपडतो. गांडुळाला नाक नाही, फुप्फुस नाही, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. आंबट, खारट, तिखट जे काही वरून पडेल ते थेट त्याच्या कातडीला झोंबतं.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो, गांडुळं कचरा खातात हा. ताजा कचरा ती खात नाहीत. गांडुळाला दात नसतात, मऊ झालेलं, कुजायला लागलेलं, ज्यावर जिवाणू आणि बुरशी चढलीये असंच ते ओढून घेतं, आत वाळूच्या कणांनी दळतं, आणि मागून जे बाहेर पडतं ते चहापावडरसारखं दाणेदार खत. म्हणजे गांडुळांच्या आधी कुजण्याची पहिली पायरी व्हावीच लागते. तुम्ही ताज्या भाजीचा थर टाकता तेव्हा गांडुळं शेजारी बसून ती मऊ होण्याची वाट बघत असतात, आणि तेवढ्यात ती तापली तर संपलंच.

मुलांना सांगायला मला सगळ्यात सोपं हे वाटतं: कंपोस्ट करणं म्हणजे विरजण लावणं, गांडूळखत करणं म्हणजे जनावर पाळणं. विरजण तुमची वाट बघत नाही, त्याला भूक नाही, तुम्ही दिवाळीत दहा दिवस गावाला गेलात तर कंपोस्ट फार तर कोरडं पडेल, आल्यावर पाणी शिंपडा, परत सुरू. गांडुळांचा डबा तसा सोडून जाता येत नाही. एप्रिलच्या उन्हात बंद घराच्या बाल्कनीत तो डबा राहिला तर परत आल्यावर काय दिसेल ते सांगायला नको. मांजर कोणाकडे तरी सोपवून जातो ना, तसाच हा डबा शेजारच्या काकूंकडे द्यावा लागतो.

आता ती पावसातली गांडुळं. ती तर मुळात या कामाची नाहीतच. मातीत खोल बिळं करून राहणारी गांडुळं वेगळी आणि वरच्या पालापाचोळ्यात, शेणात राहणारी वेगळी. फरशीवर येतात ती बहुतेक मातीतली, फिकट करडी नाहीतर मातकट, माती खाऊन जगणारी. त्यांना बिनमध्ये टाकणं म्हणजे विहिरीतला मासा ताटात ठेवण्यासारखं आहे, तापमान सोडाच, त्यांना तिथे मातीच नाही. खतासाठी आपल्याकडे मुख्यतः आयसेनिया फेटिडा नावाची लालसर, बारीक, अंगावर पट्टे असलेली जात वापरतात, किंवा युड्रिलस नावाचं मोठं आफ्रिकन गांडूळ, जे आपल्या उकाड्यात जरा जास्त टिकतं. ही रोपवाटिकेत नाहीतर शेतकऱ्याकडे किलोवर मिळतात. पावसातली गांडुळं मुलांनी जरूर उचलावी, हातावर घेऊन बघावी, आणि जवळच्या झाडाच्या बुंध्याशी ओल्या मातीवर सोडावी. तेवढ्यानेही मूल खूप शिकतं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कंपोस्ट जरा कोरडं चालतं, मूठ दाबली तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, गांडुळांना जास्त ओल लागते, एखाद-दुसरा थेंब पडला पाहिजे. लिंबाची सालं, कांदा, लसूण, उरलेली आमटी, लोणच्याची फोड यातलं थोडंफार कंपोस्ट पचवतं, गांडुळांना यातलं काही नको. अंड्याची टरफलं दोन्हीकडे चालतात, गांडुळांसाठी बारीक कुटून. कुठल्या खतात किती नत्र यावरून लोक तासन् तास वाद घालतात, कुंडीतल्या तुळशीला दोन्ही चालतं, सोडून द्या.

पण एका गोष्टीवर मात्र बोलणारच. बिनच्या नळातून जे काळं, वास मारणारं पाणी निघतं त्याला व्हर्मीवॉश म्हणणं बंद करा. ते कुजणाऱ्या कचऱ्याचं पाणी आहे. व्हर्मीवॉश म्हणजे गांडुळं आणि तयार खत असलेल्या थरातून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून काढलेला द्राव, त्याला घाण वास येत नाही. ते काळं पाणी व्हर्मीवॉश म्हणून थेट झाडांना घातल्यामुळे मोगरे जळलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

सोसायट्यांचंही तसंच. पुण्यात गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यासाठी मिळकतकरात सवलत मिळते, चांगली योजना आहे, त्यामुळे कितीतरी सोसायट्यांच्या मागच्या बाजूला सिमेंटचे खड्डे आहेत आणि वर "गांडूळखत प्रकल्प" असा बोर्ड आहे. उघडून बघा. रोजचा ताजा कचरा थेट पडतोय, वर कल्चर मारतायत, गांडूळ औषधालाही नाही. म्हणजे ते कंपोस्ट आहे, आणि कंपोस्ट म्हणून उत्तम आहे, मग बोर्डही कंपोस्टचा लावा ना! मुलं तो बोर्ड वाचतात, आत बघतात, आणि त्यांच्या डोक्यात तोच गोंधळ पक्का होतो.

मग घरी काय करायचं? माझं मत ठाम आहे. सुरुवात कंपोस्टनेच करा, आणि निदान सहा महिने फक्त तेच. चौघांच्या घरात रोज अर्धा-एक किलो ओला कचरा निघतो. पाव किलो गांडुळं, सगळं त्यांच्या मनासारखं असलं तरी, दिवसाला स्वतःच्या वजनाच्या अर्ध्याच्या आसपास खातात, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. हिशोब करून बघा, सगळा कचरा ती संपवतील हे शक्यच नाही आणि जास्त घातलं की तो थर तापणार. घरचा कचरा जिरवायला कंपोस्ट. गांडुळं ठेवायची ती मुलांसाठी, निरीक्षणासाठी आणि थोड्या उत्तम खतासाठी.

सहा महिन्यांनी मूल तयार असेल तर दुसरा, वेगळा, पसरट डबा घ्या. उथळ पाहिजे, खोल नको, भोकं पाडलेला, कायम सावलीत. खाली भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि फाडलेला पुठ्ठा. त्यात जायचं ते फक्त कंपोस्ट बिनमधलं तीन-चार आठवड्यांचं, अर्धं कुजलेलं, गार झालेलं. आणि गार झालंय की नाही हे मुलाने हात घालून ठरवायचं. हाताला कोमट जरी लागलं तरी गांडुळासाठी ते फार गरम आहे, हाताला गार लागलं तरच घालायचं. थर्मामीटर नको, काही नको. आमच्या घरी हे काम लेकीचंच आहे, तिने "गार आहे" म्हटल्याशिवाय कोणी काही घालत नाही. हो, दोन वर्षांनी का होईना ती परत आली.

मुंग्या डब्यात चढू नयेत म्हणून, पूर्वी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे ना, अगदी तशाच डब्याच्या स्टँडच्या पायांखाली ठेवा.

आणि गांडुळं नुसती ठेवू नका, मुलांना त्यांच्यावर प्रयोग करू द्या, त्रास न देता. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यासाठी तो घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवायचा आणि सगळं घर त्यात सामील असायचं. त्यांच्यासमोर पियानो वाजवून बघितला, मुलाने बासून नावाचं फुंकून वाजवायचं मोठं वाद्य वाजवलं, आरडाओरडा केला, गांडुळं ढिम्म. पण तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला तर ती झटकन बिळात गेली, कारण त्यांना ऐकू येत नाही, हादरा कळतो. आम्ही हे पेटीवर (हार्मोनियमवर) करून बघितलं. लेकीने काळी चार धरली आणि डबा पेटीच्या झाकणावर ठेवला, रात्री, लाल जिलेटीन कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात, कारण पांढरा उजेड पडला की ती आधीच आत जातात.

खत काढायचा दिवस तर तिच्यासाठी सणच असतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात प्लॅस्टिकच्या कागदावर सगळं शंकूसारखं ओतायचं, गांडुळं उजेडापासून पळून खाली जातात, पंधरा मिनिटांनी वरचं खत हलक्या हाताने काढून घ्यायचं, परत थांबायचं, परत काढायचं, शेवटी तळाशी नुसता गांडुळांचा लालसर गुंता उरतो. काढलेल्या खतात दिसायला लिंबासारखे, पण मोहरीपेक्षा जरासेच मोठे पिवळट कोष (गांडुळांची अंडी असलेले) असतात, एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात. ते शोधून चमच्याने परत डब्यात टाकायचे. मागच्या वेळी तिला एकेचाळीस सापडले, वहीत तारीख घालून लिहून ठेवलेत.