हजार तुकडे आणि आंब्याची पेटी

१ जूनला यांत्रिक मासेमारी बंद झाली की आमच्या हर्णैच्या बाजूला एकदम सामसूम होते. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, कौलांवर पावसाचा ताशा, आणि लाइटचा तर नेमच नाही. या दिवसांत आमच्या ओटीवरचं जुनं टेबल जिगसॉ पझलसाठी राखीव असतं. यंदाचं पझल हजार तुकड्यांचं, चित्र जर्मनीतल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचं: वर निळं आकाश, खाली हिरवं रान, मधे पांढरे सुळके. जन्मभर सुवर्णदुर्ग बघत आलेल्या आतेने खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "हा कसला किल्ला? ह्याच्यावर तोफ कुठे ठेवायची?" तिचं बरोबरच होतं. १८६९ साली बांधायला घेतलेला हा किल्ला लढाईसाठी नव्हताच, राजाची हौस होती ती.

भाच्याने खोकं उपडं केलं, दोन तुकडे उचलले आणि एकमेकांत बसतात का बघायला लागला. बसेनात. तिसरा उचलला. आतेला ते बघवेना. "अरे बाळा, आधी वेगळे कर, मग बघू," असं म्हणून तिने स्वयंपाकघरातून ताटं, परातीची झाकणं, दोन सुपं असा सगळा सरंजाम आणून मांडला. चाळीसेक वर्षं आंब्याच्या मोसमात तिने हेच केलंय. अढीतला, म्हणजे गवतात पिकायला घातलेला आंबा हातात आला की तो चार डझनी पेटीचा की सहा डझनी, डागी की दुसऱ्या पेटीत जायचा, हे तिला विचार न करता कळतं. तासाभरात हजार तुकडे वीस ढिगांत गेले. एकही तुकडा अजून जुळला नव्हता आणि भाचा कंटाळला होता.

खरं तर सगळं काम त्या एका तासातच झालं होतं. हिशेब करून बघा. हजार तुकड्यांतून कोणतेही दोन निवडले तर जोड्या होतात ४,९९,५००. प्रत्येक तुकड्याला चार बाजू, म्हणजे एका जोडीत बाजूला बाजू लावून बघायचे सोळा प्रकार. सगळे मिळून जवळपास ८० लाख. एकेक लावून बघायला दोन सेकंद धरले, तरी न झोपता, न जेवता १८५ दिवस लागतील. आता वीस ताटांत पन्नास-पन्नास तुकडे ठेवा आणि जोड्या फक्त ताटातल्या ताटातच शोधा. एका ताटात १,२२५ जोड्या, वीस ताटांत २४,५००. त्याच वेगाने आता नऊ दिवस. वीस ढीग केले की काम विसाव्या हिश्श्यावर येतं. प्रत्यक्षात याहून बरंच कमी लागतं, कारण जोडी सापडली की आपण थांबतो, आणि मुंडी मुंडीत बसत नाही, खाचेतच बसते. (बाहेर आलेल्या गोलाला आमच्या घरी मुंडी म्हणतात.)

कड आधी लावायची हा सगळ्यांचा रिवाजही याच हिशेबातला. ४० बाय २५ तुकड्यांच्या पझलमधे कडेचे तुकडे फक्त १२६, चार कोपरे धरून. त्यांची एक बाजू सरळ असल्यामुळे ते वेगळे काढणं सोपं, आणि कड लावताना प्रत्येकाच्या दोनच बाजू तपासायच्या. गंमत म्हणजे खोक्यावर 'हजार' लिहिलेल्या पुष्कळ पझलमधे मोजून हजार तुकडे नसतातच. ३८ बाय २७ ची मांडणी असेल तर ते १,०२६ भरतात. कडेचे मात्र तिथेही १२६च.

वेगळं केल्याने डोळ्याचं कामही बदलतं, आणि मला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो. हिरव्या तुकड्यांच्या ढिगात एकच लाल तुकडा असेल तर तो शोधावा लागत नाही, तोच आपल्याला हाक मारतो. ढीग दुप्पट केला तरी फारसा जास्त वेळ लागत नाही. पण 'फिकट निळा आणि समोरासमोर दोन मुंड्या असलेला' असा तुकडा हवा असेल, तर नजर एकेका तुकड्यावर थांबत जाते, आणि ढीग वाढला की वेळही वाढतो. ॲन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० साली हा फरक मांडला: एकच गुण शोधताना मेंदू सगळं दृश्य एकदम चाळतो, दोन गुणांची सांगड शोधताना त्याला लक्ष एकेका जागी न्यावं लागतं. रंगाने ताटं लावली की ताटापुरता रंगाचा प्रश्न मिटतो. उरतो फक्त आकार. आतेने ट्रीझमनबाईंचं नाव ऐकलेलं नाही, पण रंग आणि आकार एकाच वेळी बघायचे नाहीत हे तिला अढीने शिकवलंय.

आकाराची गोष्ट निराळी. आमच्या वाडीला गडगा घालणारा एक गडी यायचा. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. तो आधी गडग्यातली जागा बघायचा, मग ढिगाकडे, आणि नेमका तोच दगड उचलून हातात एकदा फिरवून बसवायचा. १९७१ साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांची दोन-दोन चित्रं दाखवून विचारलं, ही एकच वस्तू आहे का? आकृती जितकी जास्त फिरवलेली, तितकं उत्तर यायला उशीर, आणि तोही अगदी सरळ रेषेत वाढत जाणारा. सेकंदाला साधारण साठ अंश, असा डोक्यातल्या डोक्यात फिरवण्याचा वेग निघाला. म्हणजे उलटा पडलेला तुकडा मनात सुलटा करायला तीनेक सेकंद जातात. हाताने फिरवला तर एक क्षणही पुरतो. टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे रचायचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा अभ्यास करताना डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांना १९९४ साली हेच दिसलं: पडणारा ठोकळा लोक कुठे बसवायचा ते ठरायच्या आधीच बटणाने फिरवतात, कारण डोळ्यासमोर फिरवणं मनात फिरवण्यापेक्षा स्वस्त पडतं. भाचा तुकडा हातात घेऊन नुसता गोल-गोल फिरवत बसतो तेव्हा आम्ही आता त्याला "काय खेळत बसलायस" म्हणत नाही.

यंत्राला यातलं काय जमतं? हर्बर्ट फ्रीमन आणि एल. गार्डर यांनी १९६४ साली संगणकाकडून पहिलं जिगसॉ सोडवून घेतलं. चित्र नाही, फक्त कडांचे आकार, आणि तुकडे किती, तर नऊ. संगणक तेव्हापासून कुठच्या कुठे गेले, पण कोडं आपल्या जागी आहे. प्रत्येक बाजूला जगात एकच जोडीदार असेल तर वर केला तसा हिशेब पुरतो. पण तुकडा दोन-तीन ठिकाणी बसल्यासारखा वाटू लागला, की एका ठिकाणी केलेली चूक वीस तुकडे पुढे गेल्यावर कळते आणि मागे यावं लागतं. असं तंतोतंत फसवं पझल भराभर सोडवण्याची कुठलीही हमखास रीत आज कोणाजवळ नाही. एरिक आणि मार्टिन डिमेन या मुलगा-बापाच्या जोडीने २००७ साली दाखवून दिलं की हा प्रश्न गणितातल्या अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्याच पंगतीत बसतो. आमच्या आकाशाच्या ताटात हेच चाललेलं असतं. सगळे एका रंगाचे आणि बसतात तर दोन-दोन ठिकाणी.

निळ्याचं दुखणं जुनं आहे. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्याने नकाशा लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी भूगोल शिकावा म्हणून केलेलं ते पहिलं-वहिलं जिगसॉ मानलं जातं. त्यात त्याने समुद्र वगळलेली स्वस्त आवृत्तीही विकायला ठेवली होती. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे ऐकून थोडं लागतं, पण निळ्या ताटासमोर बसलं की त्या माणसाचा व्यवहार पटतो.

त्यात आमच्याकडे संध्याकाळी लाइट गेली की निळा आणखी हट्टाला पेटतो. पिवळ्या उजेडात निळा अंशच कमी असतो, त्यामुळे फिकट निळा, गडद निळा, करडा सगळे एका रंगाचे दिसायला लागतात. वयाचाही भाग आहे. डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश गाळून टाकतं. आतेच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर करायचंय. ती एकेक डोळा झाकून आकाशाचा तुकडा बघते आणि सांगते, "ह्याने निळं दिसतं, ह्याने मळकं." निळ्या छटा वेगळ्या करायच्या असल्या की ती डावा डोळा झाकून घेते.

आणि हवा! पुठ्ठा म्हणजे लाकडाचे तंतू. दमट हवेत ते पाणी ओढतात आणि फुगतात, लांबीत अगदी थोडे, जाडीत त्याच्या कितीतरी पट. तुकड्याची चित्राची बाजू गुळगुळीत लेपाची, पाणी सावकाश घेणारी. मागचा करडा पुठ्ठा उघडा. मागची बाजू आधी फुगते, आणि तुकडा चित्राच्या बाजूला वळून छोट्या वाटीसारखा होतो. पापड दमट होतात त्याची ही बहीण. गेल्या वर्षी आम्ही अर्धे तुकडे पत्र्याच्या डब्यात ठेवले होते आणि अर्धे टेबलावर. पंधरा दिवसांनी डब्यातले तुकडे टेबलावरच्यांत ढिले बसायला लागले. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात अर्धा टक्का फरक पडला तरी तो दशांश मिलिमीटरच भरतो, पण बोटांच्या टोकांना तेवढंही कळतं. आम्ही ते चुकीचे म्हणून बाजूला काढत होतो. आता एक तर सगळे डब्यात, नाहीतर सगळे बाहेर.

पझल केल्याने स्मरणशक्ती वाढते, विसरभोळेपणा टळतो, असा मेसेज आम्हालाही दर पावसाळ्यात येतो. जर्मनीतल्या उल्म इथे पन्नाशीपुढच्या शंभर जणांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाने ३० दिवस रोज किमान तासभर पझल केलं, सरासरी सुमारे ३,६०० तुकडे जोडले. महिन्याअखेर त्यांच्या बुद्धीत दखल घ्यावी इतका फरक दिसला नाही. जे आयुष्यभर पझल करत आले त्यांची क्षमता बरी होती, पण पझलमुळे डोकं चांगलं की डोकं चांगलं म्हणून पझल, हे त्यातून ठरत नाही. लहान मुलांचंही तेच. शिकागोत ५३ मुलांना घरी खेळताना पाहून २०१२ साली मांडलेली नोंद अशी की दोन ते चार वर्षांच्या वयात पझल खेळलेली मुलं पुढे साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरवण्यात पुढे होती. ही नोंद आशादायक आहे, पण औषध म्हणून मी तरी कोणाला पझल सांगणार नाही. आवडत असेल तर करावं.

नारळी पौर्णिमा आली, होड्या पाण्यात गेल्या. आमच्या किल्ल्याचे सुळके उभे राहिलेत, रान पुरं झालंय. आकाशाचे नव्वद-एक तुकडे अजून सुपात आहेत. आतेने ते आता आकाराने वेगळे करायला घेतलेत: दोन मुंड्यांचे इकडे, तीन मुंड्यांचे तिकडे.