स्टीलच्या दागिन्यालाही हवा लागते

‘अँटी-टार्निश’, ‘वॉटरप्रूफ’, ‘आयुष्यभर चमक’ अशा शब्दांनी हल्ली स्टीलची मंगळसूत्रं, कडी, कानातली विकली जातात. सोन्याचे भाव पाहता रोजच्या वापराला असा दागिना घ्यावासा वाटणं साहजिक आहे, आणि या दाव्यांत बरंचसं तथ्यही आहे. मात्र स्टील का टिकतं हे समजून घेतलं, की ते कुठे दगा देतं हेही आपोआप कळतं.

दागिन्यांच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साठ टक्क्यांहून जास्त लोखंडच असतं. त्याला गंजापासून वाचवतं ते क्रोमियम. मिश्रणात ते किमान 10.5 टक्के असलं, की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साईडचा अखंड पापुद्रा धरतं. जाडी जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पंचवीस-तीस हजारावा भाग. तो पारदर्शक असल्यामुळे आपल्याला दिसते ती खालच्या धातूची चमक. ओरखडा पडला तर उघडं पडलेलं क्रोमियम पुन्हा ऑक्सिजन घेतं आणि पापुद्रा भरून निघतो. 1913 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवं पोलाद शोधत होते. जवळपास 12.8 टक्के क्रोमियमचं त्यांचं पोलाद गंजाला दाद देईना, आणि तिथून शेफील्डच्या सुऱ्या-चमच्यांचं रूपच पालटलं.

या पापुद्र्याचा खरा शत्रू पाणी नव्हे, मीठ. घामात, समुद्राच्या पाण्यात, खाऱ्या वाऱ्यात क्लोराइड असतं आणि ते पापुद्र्याला बारीक भोकं पाडतं. मोकळ्या पृष्ठभागावर ही भोकं बहुधा बुजतात. साखळीचा हूक भिंगाखाली धरून पाहा: तपकिरी ठिपके दिसलेच तर ते कडीच्या सांध्यात, स्प्रिंगच्या तोंडाशी, खड्याच्या कोंदणात. बाकी साखळी लख्ख असते. त्या फटीत घाम साचतो, आतला ऑक्सिजन संपतो आणि पापुद्रा सांधायला काही उरत नाही. क्लोराइड मात्र आत साठत जातं, ओल आम्लधर्मी होते आणि गंज धातूत खोल उतरतो. कोकणात समुद्रालगतच्या घरांच्या स्टीलच्या कठड्यांवर चहासारखे डाग पडतात, तेही या मिठामुळेच.

म्हणून स्टीलचा प्रकार विचारून घ्यावा. हे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 316 मध्ये त्याशिवाय 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, आणि क्लोराइडपुढे टिकाव धरण्यात त्याचा मोठा वाटा आहे. 316एल मधला ‘एल’ म्हणजे कार्बन 0.03 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ‘लोहचुंबक चिकटला तर खोटं स्टील’ ही दुकानातली परीक्षा मात्र भरवशाची नाही. आपलं स्टीलचं एक रुपयाचं नाणं चुंबकाला पटकन चिकटतं, तरी ते स्टेनलेसच आहे, त्यात सुमारे 17 टक्के क्रोमियम आहे. उलट निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं स्वस्त स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि घामापुढे 316 इतकं टिकतही नाही.

निगा राखायला फार काही लागत नाही. घाम आला, समुद्रात किंवा पोहण्याच्या तलावात उतरलात, तर दागिना गोड्या पाण्याने धुवा. अधूनमधून कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी घेऊन मऊ ब्रशने सांधे साफ करा आणि सुती कापडाने पूर्ण कोरडे करा. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल यांच्यापासून दागिना लांबच हवा. लोखंडी तारेच्या घासणीचे कण मागे राहून तेच गंजतात. चांदी हवाबंद पिशवीत ठेवायची आपली सवय योग्यच आहे, कारण तिला हवेतलं गंधक काळवंडतं. घामट स्टील तसंच पिशवीत कोंबलं, तर मीठ आणि ओल आत राहते आणि हवा तुटते. माझ्या मते बहुतेक दागिने वापराने नव्हे, अशा ठेवण्याने खराब होतात.

सोनेरी रंगाचं गणित वेगळं. तो निर्वात कक्षात चढवलेला टायटॅनियम नायट्राइडचा किंवा सोन्याचा अगदी पातळ थर असतो. तो घासून गेला की परत येत नाही. टूथपेस्ट, रांगोळी, खायचा सोडा इथे वापरूच नये.

निकेलची ॲलर्जी असलेल्यांना 316एल सहसा सोसतं, कारण त्यातलं निकेल सहज बाहेर झिरपत नाही. युरोपीय नियमही दागिन्यात निकेल किती आहे यापेक्षा ते किती सुटतं हे मोजतो: टोचलेल्या जागेतल्या दागिन्यातून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्यात 0.2 मायक्रोग्रॅम, त्वचेला सतत टेकणाऱ्या इतर दागिन्यांतून 0.5. तरी ज्यांना ॲलर्जी आहे हे ठाऊक आहे, त्यांनी नव्याने टोचलेल्या कानात टायटॅनियमच घालावं.

पेंडंटवर लेझरने नाव कोरून घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. उष्णतेने निळसर-तपकिरी झालेल्या अक्षरांखाली क्रोमियम कमी झालेलं असू शकतं, त्यामुळे गंज आधी त्या अक्षरांतच धरतो. धुतल्यावर तो भाग आधी टिपून घ्या.