दातांची शिरशिरी मोजण्यामागची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात मीठ-तिखट लावलेली तोरे, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, खाल्ली की दात आंबतात आणि त्यावर थंड पाण्याचा घोट घेतला की कळ उठते, हे गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ही कळ मोजण्याचा खटाटोप मात्र बराच जुना आहे. 1867 मध्ये फ्रान्समधील माजितो यांनी किडलेला दात ओळखण्यासाठी विद्युतप्रवाह सुचवला आणि 1891 मध्ये मार्शल यांनी तोच दाताच्या आतील गराची चाचणी घेण्यासाठी वापरला. ही चाचणी अजून प्रचारात आहे. परंतु मुलांमध्ये, मुळाचे टोक बंद होण्यापूर्वी, तिच्यावर विसंबता येत नाही, कारण तीव्र कळ वाहून नेणारे मज्जातंतू दातात उशिरा पुरते रुजतात. विशीत, अक्कलदाढ सोडली तर, ही अडचण उरत नाही.

थंड वाऱ्याने कळ का येते, याचा उलगडा व्हायला वेळ लागला. दंतिनातील, म्हणजे दाताच्या कठीण आवरणाखालच्या थरातील, सूक्ष्म नलिकांमधला द्रव हलतो, ही कल्पना आल्फ्रेड गीझी यांनी 1900 मध्येच मांडली होती. तिला प्रयोगांचा आधार दिला तो 1960च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी. पुढे 1987 मध्ये संवेदनशील दातांत उघड्या नलिका सुमारे आठपट अधिक आणि दुप्पट रुंद आढळल्या. व्यास दुप्पट झाला की प्रवाह सोळापट वाढतो, हे ध्यानात घेतले तर त्या निष्कर्षाचे वजन कळते.

त्या सुमारास मोजण्याची साधनेही आली. यीपल प्रोब या टोकदार उपकरणाने दातावरचा दाब 10 ग्रॅमपासून टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. शिफ श्रेणी या गुणपद्धतीत शेजारचे दात बोटांनी झाकून सुमारे 1 सेंटिमीटरवरून एक सेकंद हवेचा झोत सोडतात आणि 0 ते 3 गुण देतात: काहीच जाणवले नाही तर 0, जाणवले पण थांबवायला सांगितले नाही तर 1, थांबवायला सांगितले किंवा तोंड मागे घेतले तर 2, आणि वेदना झाल्याचे सांगून थांबवायला लावले तर 3. झोत मोजूनमापून देता येतो. गुण अखेर समोरच्याच्या प्रतिक्रियेवरच ठरतो. म्हणूनच अशा चाचण्यांसाठीच्या 1997च्या मार्गदर्शक सूचनांनी किमान दोन प्रकारचे उद्दीपन (कळ उठवणारा स्पर्श, झोत इत्यादी) वापरावे आणि सौम्य ते आधी द्यावे, असे सुचवले.

सात युरोपीय देशांतील 18 ते 35 वयाच्या 3,187 जणांची पाहणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. झोताने 41.9 टक्के जणांत प्रतिसाद मिळाला, प्रश्नावलीत मात्र 26.8 टक्के जणांनीच त्रास सांगितला. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत बोलका आकडा ही तफावतच आहे.

आम्लाने दाताची झीज होते, नलिकांची तोंडे उघडतात. त्यामुळे अशी पाहणी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात करायची झाली, तर परदेशी प्रश्नावलीतील फळांच्या रसाच्या रकान्यावर भागणार नाही. सोलकढी, बिंबल हे आंबट फळ आणि तोरे यांची वेगळी नोंद हवी, आणि तपासणीपूर्वी यांतले काही किती वेळापूर्वी खाल्ले, तेही विचारायला हवे.