माकोंदोत आलेले परके आणि केळीचा घड

गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९६७ साली आलेल्या ‘शंभर वर्षांचा एकांत’ या स्पॅनिश कादंबरीतले माकोंदो हे गाव बाहेरून येणाऱ्यांपुढे नेहमीच हतबल ठरते. दर मार्चमध्ये लोहचुंबकासारख्या नवलाईच्या वस्तू घेऊन जिप्सी येतात, तेव्हा ते नुसते हरखते. ते खरे विस्कटते मिस्टर हर्बर्टच्या येण्याने. हा हसतमुख परदेशी कादंबरीतल्या मुख्य कुटुंबाच्या, म्हणजे बुएंदियांच्या, घरी जेवायला बसतो, केळ्यांचा अख्खा घड फस्त करून दुसरा मागतो आणि मग एक केळे हिरेपारख्याच्या बारकाईने चिरून, औषधविक्याच्या तराजूत तोलून पाहतो. आपला हेतू तो बोलून दाखवत नाही, पण त्याच्यामागोमाग केळी कंपनी गावात शिरते.

या प्रसंगामागे कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्याचा खरा इतिहास आहे. मार्केस यांचा जन्म १९२७ साली आराकाताका येथे झाला. त्या टापूत अमेरिकेतील युनायटेड फ्रूट कंपनीच्या मालकीच्या बागा होत्या. माकोंदो हे नावही लेखकाला आगगाडीतून दिसलेल्या तिथल्याच एका केळीबागेच्या पाटीवर मिळाले. आजोबांनी कंपनीच्या दुकानात बर्फातले मासे दाखवले होते, त्यातून कादंबरीतला बर्फ आला.

मार्केस पावणेदोन वर्षांचे असताना, डिसेंबर १९२८ मध्ये, त्याच टापूतल्या सिएनागा येथे कंपनीच्या बागांतील संपकरी मजुरांवर लष्कराने गोळीबार केला. आठवड्याची सुटी, कुपनांऐवजी रोख मजुरी अशा त्यांच्या साध्याच मागण्या होत्या. परंतु मजूर कंत्राटदारांमार्फत घेतलेले असल्याने ते आपले नोकरच नाहीत, असा कंपनीचा पवित्रा होता. कादंबरीत न्यायालय हेच मान्य करते, आणि वाचक ते अतिशयोक्ती समजून हसतो. जादुई वास्तववाद, म्हणजे अद्भुत गोष्टी रोजच्या वास्तवासारख्या सांगणारी शैली, या शिक्क्याने इथे वाचकाची दिशाभूलच केली आहे, असे मला वाटते.

गावात आलेला परका हा विषय मार्केस यांनी आधी १९५५ च्या पहिल्या कादंबरीत हाताळला होता. तिचे शीर्षकच ‘पालापाचोळा’ अशा अर्थाचे असून, कंपनीमागून वाहत आलेल्या माणसांना गाव त्याच नावाने ओळखते. गवत खाणारा एक उपरा डॉक्टर जखमींना तपासायला नकार देतो, म्हणून गावकऱ्यांना त्याचे दफनही नको असते.

सिएनागात किती मजूर मेले, यावर एकमत नाही. सेनापती कोर्तेस वार्गास यांनी ४७ मृत्यू मान्य केले. कादंबरीत हा आकडा ३,००० च्या वर जातो. प्रेतांनी अख्खी आगगाडी भरायची होती, म्हणून तेवढी माणसे लागली, असे मार्केस यांनी पुढे सांगितले.