वाळवंटातली रात्र का गारठते?

जानेवारीत कोल्हापुरात उघड्यावर लावलेल्या गाडीची सीट पहाटे दवानं ओलीचिंब होते, पत्र्याखालची मात्र कोरडी राहते. दोन्हीकडची हवा एकच. पण उघड्यावरची सीट रात्रभर आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडत असते. वाळवंटात हेच घडतं, फक्त फार जोरात.

जमीन दिवसा तापते आणि अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या रूपात ती उष्णता अहोरात्र बाहेर टाकते. हवेतलं बाष्प आणि ढग हे किरण शोषून बराचसा भाग पुन्हा खाली पाठवतात. म्हणूनच जुलैत आपल्याकडे दिवसरात्रीच्या तापमानात जेमतेम पाच-सहा अंशांचा फरक असतो, मार्चमध्ये तोच पंधराच्या घरात जातो. राजस्थानातल्या थर वाळवंटाच्या कोरड्या, निरभ्र हवेत ही अडवणूक फारच कमी.

पडताळा गच्चीवर घेता येतो. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड थर्मामीटरची गन थंडीतल्या निरभ्र रात्री आभाळाकडे रोखा: आकडा हवेच्या तापमानापेक्षा खूप खाली जातो. ढगाळ रात्री तो बराच वर राहतो. कपाळाचा ताप मोजायची गन चालणार नाही. तिची मोजणी साधारण ३२ ते ४२ अंशांतच असते.

वाळू लवकर निवते हे खरं, पण का? कोरड्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे उष्णता खोल झिरपत नाही. वरचा पातळ थरच उन्हाळ्यात साठ अंशांपलीकडे तापतो आणि रात्री तोच झपाट्यानं थंड होतो. फूटभर खाली दिवसरात्रीचा फरक जेमतेम एक अंश. आपली ओली काळी माती उष्णता खोलवर घेते आणि रात्री हळूहळू परत देते.

उंट या गार रात्रीचा हिशेबानं वापर करतो. पाणी मिळत नसेल तर पहाटे त्याचं शरीर ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दिवसभरात ४० पर्यंत चढू दिलं जातं. तोवर घाम जवळजवळ नाही. ५०० किलोंच्या उंटाला सहा अंश चढायला सुमारे १०,००० किलोज्यूल लागतात. एवढी उष्णता घामानं घालवायची तर चारेक लिटर पाणी गेलं असतं. प्राण्यांच्या शरीरक्रियेचे अभ्यासक कनूट श्मिट-नील्सन यांनी १९५३-५४ मध्ये सहारात ही मोजमापं केली. लोकर कातरलेल्या उंटाचं पाणी सुमारे दीडपट खर्च होतं, हेही त्यांना दिसलं. त्यामुळे उन्हाळ्यात उंट भादरला की त्याला बरं वाटेल, हा समज चुकीचा.

थर वाळवंटातल्या सांड्याला, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्याला, शरीर तापवायला ऊनच लागतं, म्हणून रात्री तो बिळात शिरून तोंड आतून मातीनं बुजवतो. आतला दमटपणा टिकतो, गारठा बाहेर राहतो. हिवाळाभर तो बिळात निपचित पडून शेपटीच्या बुडाशी साठवलेल्या चरबीवर जगतो. बाजारात ‘सांड्याचं तेल’ म्हणून विकतात ती हीच चरबी. तिच्यासाठी या प्राण्याची शिकार होते, आणि ती कायद्यानं गुन्हा आहे.